राईचा हुंकार

“आणि मग बिनसलं कुठं?”

गोदामायनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि पाहुण्याकडं न बघताच विचारलं.

निगुडकर सर दाराशी अंथरलेल्या घोंगडीवर ताठ बसले होते. समोरचा चहा निवत चालला होता.

“तेच कळत नाही, माय.”

“लोकांना बसायला शिकवतोस ना तू?”

“शिकवतो.”

“मंग?”

“आता मलाच बसता येत नाही.”

हे वाक्य त्यांनी कराडात कोणाला ऐकवलं असतं, तर ऐकणाऱ्याला थट्टा वाटली असती. कराडात निगुडकर सरांचा ध्यानवर्ग म्हणजे मोठं प्रस्थ. कॉलेजातली नोकरी संपल्यावर त्यांनी तो सुरू केला आणि बघता बघता हॉल अपुरा पडायला लागला. सर आत आले की खोकणारा खोकला गिळायचा. करकरतो म्हणून छताचा पंखासुद्धा बंद केला जायचा. पहाटे उठणं, मोजकं खाणं, मोजकं बोलणं, आवाज कधी न चढवणं, यात सरांना नाव ठेवायला जागा नव्हती. आणि हे ढोंग नव्हतं, हेही सांगून टाकलेलं बरं. माणूस मनापासून बसायचा.

“कधीपास्नं असं?” गोदामायनं विचारलं.

“घर शांत झालं तेव्हापासून.”

तिचा हात थांबला.

“म्हंजे?”

“माझी बायको, कुमुद. गेल्या वर्षी दिवाळीनंतर चिपळूणला भावाकडं गेली. वहिनी आजारी होती म्हणून. वहिनी बरी होऊनही आता कितीतरी महिने झाले. ही मात्र... तिथंच राहिली.”

“भांडान?”

“छे. आमच्यात भांडण असं कधी झालंच नाही. फोन केला की नीट बोलते. कधी येतेस विचारलं की म्हणते, इथं बरं वाटतंय. घर शांत आहे ना, मग तुम्हांला कमी कशाची?”

“हाय का शांत?”

“अगदी. जन्मभर मला असंच घर हवं होतं. आणि आता त्यात बसलो, तर दूध उतू जाईपर्यंतसुद्धा मन टिकत नाही. डोळे मिटले की आत कोणीतरी येरझाऱ्या घालायला लागतं.” सर थांबले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “हे असंच राहिलं तर मी काय उरलो, माय? मला दुसरं काही येतही नाही.”

“तुला काय पायजे?”

“मंत्र द्या. नाहीतर एखादी पद्धत सांगा. आप्पा जाताना म्हणाले होते, कधी अडलास तर गोदेकडं जा.”

आप्पा तारळेकर हे सरांचे गुरू. आप्पा आणि गोदामाय एकाच गुरूपुढं बसून शिकलेली. आप्पांनी पुढं गावोगाव प्रवचनं केली, शिष्य केले. गोदामाय मात्र पाटणच्या वरच्या डोंगरात पांगारवाडीला येऊन वाघजाईच्या राईशेजारी खोपट बांधून राहिली, ती राहिलीच. तिनं कोणाला मंत्र दिला नाही की कोणाच्या डोक्यावर हात ठेवला नाही. म्हणून तर सरांनी इतकी वर्षं इकडं पाय वळवला नव्हता. जिचा एकही शिष्य नाही, तिच्यापाशी घेण्यासारखं काय असणार, असं त्यांना वाटायचं.

तरी शेवटी ते आले. बसायला शिकवणाऱ्या माणसानं, मला बसता येत नाही, असं दुसऱ्याच्या दारात येऊन म्हणणं सोपं नसतं. एवढ्यासाठी सरांना मानलं पाहिजे.

गोदामाय गुडघ्यावर हात टेकत उठली. दाराबाहेर बोट दाखवलं.

“ती राई. जा, बस.”

“आणि?”

“आन् काय? बस. जाताना तेवढं इचारून जा.”

“कोणाला?”

“जिच्यात जायचं तिला.”

*

देवीच्या नावानं राखलेलं रान म्हणजे राई. पांगारवाडीच्या राईत कुऱ्हाड जात नाही. पडलेलं झाड तिथंच कुजतं, वाळकी काटकीसुद्धा कोणी बाहेर आणत नाही. गोदामायचं खोपट राईला चिकटून, पण तिच्या चुलीचं सरपण वरच्या माळावरून यायचं.

राईच्या तोंडाशी शेंदूर लावलेला एक धोंडा होता. तिथं पायांतलं काढायचं.

सर पोचले तेव्हा गावातली एक बाई धोंड्याजवळ उभी होती. हातात नारळ, डोक्यावर पदर. नुसतीच उभी. चढ चढून दमली असेल, असं सरांना वाटलं. त्यांनी चपला काढल्या, तिला वळसा घातला.

“येऊ का?” ते राईला म्हणाले.

म्हणता म्हणताच त्यांचं पाऊल आत पडलंही होतं. साहेबाच्या केबिनचं दार ढकलत आपण म्हणतो ना, तसं ते म्हणणं झालं.

ती बाई त्यांच्या पाठमोऱ्या सदऱ्याकडं बघत राहिली.

दुपारी सर परत आले ते वेगळाच चेहरा घेऊन. गोदामाय नाचणीची भाकरी थापत होती.

“बसलास?”

“बसलो, माय. आणि काय सांगू...” सरांना शब्द पुरेनात. “मी जाईपर्यंत आत नुसता कलकलाट होता. कसले कसले पक्षी ओरडत होते. मी आसन घातलं, डोळे मिटले आणि एकेक करून सगळे गप्प झाले. सगळी राई स्तब्ध झाली. माझे विद्यार्थी म्हणतात, सर बसले की आसमंत स्थिर होतो. मी आजवर हसण्यावारी न्यायचो. पण आज...”

गोदामायनं तवा खाली उतरवला.

“समदी गप्प झाली?”

“सगळी.”

“तू उठेस्तवर?”

“हो.”

ती तशीच पिठाच्या हातानं बाहेर गेली. राईकडं तोंड करून तिनं हात जोडले.

“आई, लेकराचं चुकलं. पदरात घे.”

सर दारात उभे राहून बघत होते. हे कौतुक आहे की काय आहे, त्यांना कळेना.

आत येऊन तिनं तवा पुन्हा चुलीवर ठेवला.

“आन् तू झालास का गप्प?”

सरांनी मान खाली घातली.

“...नाही.”

“राई झाली. तू न्हाई झालास.”

“नाही.”

“बरं. भाकरी खा.”

सर जेवले. पण त्यांना राग आला होता. इतक्या लांब येऊन, डोंगर चढून, मिळालं काय, तर भाकरी. त्यांनी तो राग दाखवला नाही. राग न दाखवण्यात त्यांचा हातखंडा होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामाय स्वतः निघाली. कमरेला पावट्याच्या शेंगांची पिशवी, हातात रिकामं सूप.

“हे कशाला?” सरांनी विचारलं.

“सोलायच्यात.”

“आपण ध्यानाला चाललोय ना?”

“तू ध्यानाला चाललायस. मला शेंगा सोलायच्यात.”

धोंड्याशी ती थांबली.

“येऊ का गं आई?” ती म्हणाली.

आणि उभी राहिली.

सर पाऊल उचलणार होते, तिनं सुपाची कड त्यांच्या पोटाशी आडवी धरली. दोघं उभी. थंडीचे दिवस, कोवळं ऊन होतं. सरांनी पाय बदलला. घसा साफ केला. मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं. गोदामाय हलली नाही की बोलली नाही.

खूप वेळानं आतून कुठूनतरी तांबट पक्ष्याचा आवाज आला... टुक टुक टुक.

“हं,” गोदामाय म्हणाली. “दिला हुंकार. चल.”

काल नारळ घेऊन उभी असलेली बाई सरांना आठवली. तिला वळसा घालून आपण पुढं गेलो तेही आठवलं. त्यांनी ते मागं सारलं.

आत मोठ्या उंबराखाली गोदामाय पाय लांब पसरून बसली. गुडघा दुखायचा, त्यामुळं पाय काही तिला दुमडता यायचा नाही. सूप मांडीवर घेतलं आणि शेंगा सोलायला लागली. मधूनच खोकायची. मधूनच स्वतःशी पुटपुटायची. एक शेंग किडकी निघाली तर तिच्याशीसुद्धा बोलली.

सरांनी थोड्या अंतरावर लोकरीचं आसन पसरलं. ताठ बसले. डोळे मिटले.

हिला कसं काय सांगावं, त्यांच्या मनात आलं. ही खोकते, शेंगा मोडते, बडबडते. अशानं मन लागायचं कसं?

थोड्या वेळानं गोदामायनं त्यांच्या दिशेनं पावट्याचा एक दाणा फेकला. तो गुडघ्याला लागला.

“डोळं उघड. हळू.”

सरांनी डोळे उघडले.

गोदामायच्या पसरलेल्या पायांपाशी सातभाई जमले होते. मातकट रंगाची, सदा भांडल्यासारखी बोलणारी ती पाखरं पाचोळा उलथून किडे वेचत होती. एक तर तिच्या पायाच्या अंगठ्यावरून उडी मारून पलीकडं गेलं. तिच्या डोक्यावरच्या फांदीवर एक बुलबुल पिसं साफ करत होता.

सरांच्या बाजूला मात्र काही म्हणता काही नव्हतं. पाचोळ्यावर कोणी उतरलं नव्हतं.

“वर बघ,” ती म्हणाली.

सरांच्या नेमक्या डोक्यावर, उंबराच्या फांदीला पोट चिकटवून एक शेकरू बसलं होतं. तांबूस, झुपकेदार शेपटीचं. शेपटी खाली सोडलेली. डोळा सरांवर रोखलेला. त्याची मिशीसुद्धा हलत नव्हती.

“तू आल्यापास्नं ते तसंच हाय.”

“पण मी तर हललोसुद्धा नाही, माय.”

“मांजार तरी कुठं हलतंय, दबा धरल्यावर?”

सरांनी पुन्हा वर बघितलं.

“कशावर बसलायस टपून?” तिनं अगदी मायेनं विचारलं.

“टपून नाही... शांती मिळावी म्हणून बसलोय.”

“मंग ती तरी कशी येईल, बाबा? तिलाबी जिवाची भीती असंल.”

आणि ती पुन्हा शेंगा सोलायला लागली. सरांनी डोळे मिटले नाहीत. आता ते मिटवेनात. वर शेकरू, खाली आपण, दोघंही श्वास धरून बसलेलो, हे त्यांना पहिल्यांदा दिसलं. काल जिला त्यांनी आपल्या तपाचं फळ समजून मिरवलं होतं, ती राई भ्यालेली होती.

त्यांना तिथून उठून जावंसं वाटलं. पण उठायचीही भीती वाटली, म्हणून ते बसून राहिले.

*

ऊन कलल्यावर दोघं खोपटाच्या अंगणात बसली. सोललेले दाणे सुपात, सालं एका बाजूला.

“घरात कोन कोन असायचं?” गोदामायनं विचारलं.

“मी आणि कुमुद. मुलगी लग्न होऊन पुण्याला.”

“कशी हाय कुमुद?”

सरांचा चेहरा सैल झाला. हा प्रश्न त्यांना आवडला.

“तिच्यासारखी बाई शोधून सापडायची नाही. मी ध्यानाला बसलो की तिचा आवाज म्हणून येणार नाही. नळ गळायचा, तर ती त्याच्याखाली फडकं घडी करून ठेवायची, थेंबाचा आवाज नको म्हणून. पोळपाटाखाली टॉवेल घालायची. कुकर माझं होईपर्यंत लावायची नाही. हातातल्या काचेच्या बांगड्यासुद्धा तिनं काढून ठेवल्या. मी सांगितलं नव्हतं हं. तिचं तिनंच.”

“तू काय म्हनायचास?”

“काहीच नाही. तेच तर. उभ्या जन्मात मी तिला गप्प बस म्हणालो नाही. नुसतं ‘कुमुद, जरा...’ एवढं म्हटलं की तिला समजायचं. पुरं वाक्य मला कधी बोलावंच लागलं नाही.”

गोदामाय सुपातले दाणे हातानं सारखे करत राहिली.

“गायची का ती?”

“गायची असं नाही. गुणगुणायची. लग्न झालं तेव्हा. पोळ्या करताना.”

“काय गुनगुनायची?”

सरांनी सांगायला तोंड उघडलं.

काही आलं नाही.

त्यांनी कपाळावर आठी घातली, वर बघितलं. कोणतं गाणं, कोणता अभंग, नुसती चाल तरी... काही नाही. ज्या बाईबरोबर त्यांनी संसार केला, तिच्या तोंडचा एक सूर त्यांच्याजवळ शिल्लक नव्हता.

“आठवत नाही,” ते म्हणाले.

गोदामायनं मान हलवली. त्या हलवण्यात दोष देणं नव्हतं. उलट, पडलेल्या मुलाचा गुडघा बघावा तसं तिनं त्यांच्याकडं बघितलं. सरांना तेच सोसवेना. ते उठून आत गेले. संध्याकाळचं जेवणही त्यांना गेलं नाही.

*

“आज आत जाऊ नगंस,” सकाळी गोदामाय म्हणाली. “नुसतं इचार. हुंकार आला तर बघू.”

“आणि नाही आला तर?”

“तर न्हाई आला.”

सर धोंड्याशी आले. आसन खोपटातच राहिलं होतं. चपला काढल्या, हात जोडले.

“येऊ का?”

आत एक पाखरू बोलत होतं, तेही थांबलं.

सर उभे राहिले. पाय अवघडले. थंडीनं तळवे बधिर झाले. काल तांबट बोलला होता, त्याच्या आवाजाकडं ते कान लावून होते. मग त्यांचं त्यांनाच कळलं, हेसुद्धा टपणंच आहे. ते धोंड्याशेजारी पाचोळ्यावर बसले. मांडी घातली नाही. गोदामायसारखे पाय पसरले.

आणि कुमुदचं गुणगुणणं आठवायला लागले.

चाल आठवेना, पण स्वयंपाकघर आठवलं. कराडचं पहिलं, भाड्याचं घर. खिडकीतून यायचं ते ऊन. कुमुद ओट्याशी पाठमोरी. पोळी लाटताना सूर खालीच असायचा. पोळी तव्यावर पडली की तो वर चढायचा आणि तिथंच थबकायचा. पोळी उलटली की मग पुढं सरकायचा. हे त्यांना कसं माहीत होतं? त्यांनी कधी ऐकलं होतं? ऐकलं असणारच.

आणि एके दिवशी, सूर वर चढून थबकलेला असताना, आतल्या खोलीतून त्यांचाच आवाज.

“कुमुद, जरा...”

पोळी उलटली असेल. सूर पुढं सरकला नाही. तो तिथंच राहिला, वर, अधांतरी. तिनं वाक्य पुरं करायला लावलं नाही आणि आपण गाणं पुरं होऊ दिलं नाही.

सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही. ते दुःख होतं आणि त्याला दुसरं काही नाव द्यायची त्यांना गरज वाटली नाही.

ते गुणगुणायला लागले.

निगुडकर सरांना गाता येत नव्हतं. ध्यानवर्गात प्रार्थनासुद्धा ते दुसऱ्याकडून म्हणवून घ्यायचे. पण आता खालून सुरुवात केली, वर चढले, चुकले. परत खाली आले. परत चढले. आवाज चिरकला. तरी पुन्हा. पोळी लाटायची, टाकायची, थांबायचं, उलटायची... हळूहळू एक तुकडा जमला. मग त्याला जोडून दुसरा. तो बरोबर होता की नव्हता, सांगायला तिथं कोणी नव्हतं. सरांनी तो पुन्हा म्हटला. पुन्हा. जसा म्हणावा तसा तो ओळखीचा होत गेला.

आपण कुठं बसलोय हे ते विसरले. कशासाठी बसलोय हेही.

एक सातभाई पाचोळ्यात उतरला. मग दुसरा. मग त्यांची सगळी जावा-नणंदांसारखी बडबड सरांच्या पायांभोवती सुरू झाली. त्यातल्या एकानं चपलेच्या अंगठ्यात चोच घालून बघितली. वरून कुरतडलेलं उंबर पडलं, सरांच्या खांद्यावर आपटून घरंगळलं. सरांनी हातानं तेवढं झटकलं आणि गुणगुणणं चालू ठेवलं.

नारळवाली बाई परवासारखीच येऊन धोंड्यापाशी थांबली होती. तिनं सरांकडं बघितलं, सातभाईंकडं बघितलं, आणि आवाज न करता दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा सर उठले. पायाला मुंग्या आल्या होत्या. लंगडतच ते खोपटाकडं आले.

गोदामाय दारात बसली होती. तिनं त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि हातातलं काम खाली ठेवलं.

“दिला हुंकार राईनं?”

सरांनी मागं वळून राईकडं बघितलं.

“दिला असेल, माय.”

“असंल म्हंजे?”

“माझं लक्ष नव्हतं. मी विचारलं होतं, हेच मी विसरलो.”

गोदामाय हसली. सर आल्यापासून ती पहिल्यांदाच हसली आणि चांगली खळखळून हसली. पांगारवाडीचे लोक सांगतात की ती अशी फार क्वचित हसते, आणि जो ते बघतो त्याला वर्षभर पुरतं.

“बसलास लेका,” ती म्हणाली. “आज बसलास.”

सरांनी वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ते ठेवताना त्यांना आपल्या वर्गातले लोक आठवले नाहीत, कोणी बघतंय का हेही मनात आलं नाही. आप्पांनी कुठं पाठवलं होतं हे त्यांना आता कळत होतं. इतकी वर्षं आपण इकडं फिरकलोच नाही, एवढीच हळहळ वाटत होती.

जेवण झाल्यावर त्यांनी पिशवी भरली. लोकरीचं आसन घडी करून कोपऱ्यात ठेवलं.

“हे राहू दे इथं. तुमच्या गुडघ्याखाली घ्या.”

“ठेव.”

गोदामायनं सोललेले पावटे एका फडक्यात बांधले आणि त्यांच्या हातात दिले.

“खाली रस्त्याला लागलास की कराडची गाडी अलीकडं थांबते. चिपळूनची पलीकडं.”

“मी पलीकडं उभा राहणार आहे,” सर म्हणाले.

ती त्यांच्याबरोबर अंगणाच्या कडेपर्यंत आली. राईत सातभाईंचा कालवा चालला होता. कुठंतरी तांबटही बोलत होता.

सर चार पावलं गेले आणि परत फिरले. हॉलभर माणसांना गप्प करणारा तो माणूस फडक्याची गाठ चाचपत शाळकरी पोरासारखा उभा राहिला.

“माय, तिला काय सांगू?”

“सांगायचं न्हाई. इचारायचं.”

“येऊ का, म्हणून?”

“व्हय.”

“आणि ती ‘या’ म्हणाली की?”

गोदामायनं राईकडं बघितलं. मग त्यांच्याकडं.

“ती ‘या’ म्हनंलच, बाबा. तरीबी थांब... ती गुनगुनाय लागेस्तवर.”